एन.४ टेस्टमध्ये मोठा क्यूब तापला, छोटा नाही तापला. पावडर ४.२ मध्ये, म्हणजे स्वतः तापणाऱ्या मालाच्या वर्गात, जाणार का?

ड्रायरवाला

नमस्कार मंडळी, जरा अडकलोय म्हणून विचारतोय, थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

आम्ही डाय लाइनचं एक सेंद्रिय इंटरमीडिएट बनवतो, पिवळसर तपकिरी माल. इतके दिवस तो ओल्या केकच्या रूपात जायचा, साधारण ३५ टक्के पाणी असायचं, आणि एसडीएसच्या (मालाच्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या) १४ नंबरच्या सेक्शनमध्ये "वाहतुकीसाठी धोकादायक नाही" असं लिहिलेलं होतं. कुणी कधी विचारलं नाही. आता ग्राहकाला सुकी पावडर पाहिजे, पाणी १ टक्क्याच्या खाली, आणि तीही ५०० किलोच्या जंबो बॅगेत, बोटीनं. मी जुनाच एसडीएस पुढं पाठवला तर फॉरवर्डरनं परत केला, म्हणाला हा ओल्या मालाचा कागद आहे, सुक्या पावडरचा टेस्ट रिपोर्ट द्या. म्हणून बाहेरच्या लॅबला सँपल दिलं.

रिपोर्ट आलाय. एन.१ म्हणजे ती पावडरची पट्टी पेटवून बघतात ती, त्यात २ मिनिटांत जळणं २०० मिमीपर्यंत पोचलंच नाही, म्हणून ज्वालाग्राही घन नाही असं लिहिलंय. पण एन.४ म्हणजे गरम ओव्हनमध्ये माल स्वतः तापतो का बघतात ती, त्यात १४० डिग्रीला १०० मिमीचा क्यूब अकराव्या तासाला २०० डिग्रीच्या वर गेला. २५ मिमीचा क्यूब मात्र १४९ वर जाऊन परत खाली आला. शेवटच्या पानावर "पुढील चाचणी आवश्यक" एवढंच एक वाक्य, बास.

साहेबांचं म्हणणं असं की एन.१ पास आहे म्हणजे माल जळत नाही, आणि १४० डिग्री कुठल्या कंटेनरमध्ये होतात, ही भट्टीतली टेस्ट आपल्याला कशाला लागू होईल, धोकादायक नाही असं लिहा आणि पाठवा. मला ते पटत नाहीये पण समोर बोलायला मुद्दाही नाही. सही माझी जाणार आहे. कुणीतरी नीट समजावून सांगा की या निकालाचा अर्थ काय, पुढची टेस्ट कुठली, आणि ओल्या केकचं जुनं क्लासिफिकेशन सुक्या मालाला चालतं का.

ओव्हनवाली

आधी एक सांगते, सही करू नका. तुमची शंका बरोबर आहे.

मी बरीच वर्षं याच टेस्ट करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या साहेबांनी दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. एन.१ एवढंच विचारते की बाहेरून आग लावली तर ती पावडरीतून किती जोरात पुढं सरकते. साधारण २५० मिमी लांबीची पट्टी, एका टोकाला ज्योत, आणि धातूची पावडर नसेल तर २ मिनिटं बघायचं. एन.४ ला बाहेरच्या आगीशी काही देणंघेणं नाही, ती विचारते की कुणी काडी न लावता हा ढीग हवेतल्या ऑक्सिजनबरोबर हळूहळू प्रक्रिया करत स्वतःच तापत जाईल का. पहिलीत पास होऊन दुसरीत अडकणारा माल मी कितीतरी वेळा बघितलाय, कारण पेटवायला जड असणं आणि आतून तापत जाणं हे एकमेकांच्या आड येत नाही.

आता ते १४० डिग्री. हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि विचारलाच पाहिजे, कारण वरवर पाहता ते खरंच विचित्र वाटतं. मुद्दा असा की उष्णता तयार होते ती मालाच्या सगळ्या आकारमानात, आणि बाहेर निघते ती फक्त पृष्ठभागातून. १०० मिमीचा क्यूब घ्या, म्हणजे एक लिटर माल. त्याला दर घनमीटरमागे ६० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. ३ मीटर बाजूचा ढीग घ्या, म्हणजे २७ घनमीटर, त्याला दर घनमीटरमागे फक्त २ चौरस मीटर. तीस पट कमी, आणि वर आतली उष्णता बाहेर यायला जाड थर ओलांडायचा. म्हणून छोट्या क्यूबला जे करायला १४० डिग्री लागतात तेच मोठा ढीग कितीतरी कमी तापमानाला करतो, फक्त वेळ जास्त घेतो. हे आकडे हवेतून आलेले नाहीत, कोळशावरून बसवलेत. २७ घनमीटर लोणारी कोळसा ५० डिग्रीला स्वतः पेटू शकतो, हा आधार धरून लॅबमध्ये लिटरभर मालावर तीच गोष्ट २४ तासांत कशी बघता येईल याचा हिशोब केला, आणि १४० डिग्री व १०० मिमी हे त्यातून आलं. त्यामुळे तुमच्या कंटेनरमध्ये १४० होणार नाहीत हे खरं आहे, पण टेस्ट तसं म्हणतच नाहीये. टेस्ट म्हणतेय की मोठा ढीग कंटेनरच्या तापमानालाच बिघडू शकतो.

२५ मिमीचा क्यूब निगेटिव्ह आला ही तुमच्यासाठी बरी बातमी आहे. तो पॉझिटिव्ह असता तर सरळ पॅकिंग ग्रुप २ (ग्रुप म्हणजे धोक्याची पातळी, १ सगळ्यात कडक, ३ सगळ्यात सौम्य), पुढं चर्चा नाही. तुमचा मोठा पॉझिटिव्ह आणि छोटा निगेटिव्ह आहे, म्हणजे पॅकिंग ग्रुप ३ किंवा सूट, या दोनांपैकी एक. आणि ते ठरतं पॅकेजच्या आकारावर, याचसाठी लॅबनं पुढील चाचणी असं लिहिलंय. खरं तर हे त्यांनी उलगडून लिहायला हवं होतं, ज्याच्या हातात तो कागद जातो त्याला काय करायचं ते कळलं पाहिजे.

तर तो १०० मिमीचा क्यूब आता १२० डिग्रीला चालवायचा. तिथं निगेटिव्ह आला आणि पॅकेज ३ घनमीटरपेक्षा मोठं नसेल तर माल ४.२ मध्ये येत नाही. १२० ला पॉझिटिव्ह आला तर पॅकेज ४५० लिटरच्या वर आहे का बघायचं. वर असेल तर ग्रुप ३, विषय संपला. ४५० लिटरपर्यंत असेल तर अजून एक संधी, तोच क्यूब १०० डिग्रीला, तिथं निगेटिव्ह तर सूट. पॉझिटिव्ह म्हणजे प्रत्येक वेळी ओव्हनच्या वर ६० डिग्री किंवा सरळ पेटणं, म्हणजे १२० ला मर्यादा १८० आणि १०० ला १६०.

तुमची बल्क डेन्सिटी किती? ०.५ च्या आसपास असेल तर ५०० किलोची जंबो बॅग म्हणजे १ घनमीटर झाली. ती ३ च्या खाली पण ४५० लिटरच्या कितीतरी वर, म्हणजे जंबो बॅगेचं भवितव्य फक्त १२० च्या टेस्टवर आहे, १०० ची सूट तिला मिळणार नाही. २५ किलोची पिशवी मात्र ५० लिटरचीच, तिला दोन्ही संधी आहेत. एकच पावडर एका पॅकिंगमध्ये धोकादायक आणि दुसऱ्यात नाही असं होऊ शकतं, आणि तो घोटाळा नाहीये, उष्णतेचं गणितच तसं आहे.

ओल्या केकचं क्लासिफिकेशन सुक्याला अजिबात चालत नाही. ३५ टक्के पाणी उष्णता खातं, वाफ होताना तर फारच, आणि कणांच्या मधली जागाही भरून टाकतं, हवा आत जात नाही. ते पाणी काढलं की तुमच्या हातात वेगळा माल आहे, नाव आणि केमिकल नंबर तोच असला तरी. टेस्ट नेहमी त्याच रूपावर करायची ज्या रूपात माल गाडीत चढणार. ड्रायर बदलला, दळण बारीक झालं, तर परत बघावं लागतं.

आणि एक फार महत्त्वाचं, डाय इंटरमीडिएट म्हणालात म्हणून विचारते, रेणूत नायट्रो, अ‍ॅझो, डायझो असलं काही आहे का? असेल तर डीएससी केली होती का?

ड्रायरवाला

ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. ६० आणि २ चा हिशोब आजच साहेबांना कागदावर काढून दाखवतो.

बल्क डेन्सिटी ०.४८ आहे. एक नायट्रो ग्रुप आहे. डीएससीचं रिपोर्टमध्ये काही दिसत नाही, मला ते वेगळं करायचं असतं हेच माहीत नव्हतं. त्याचा इथं काय संबंध?

ओव्हनवाली

संबंध दोन ठिकाणी येतो.

एक तर लॅबच्या माणसांच्या जिवाशी. नायट्रो असलेली लिटरभर पावडर १४० डिग्रीच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवायची आणि आधी काही मिलिग्रॅमवर डीएससी करून बघायची नाही, हे मी कुणालाही करू देणार नाही. डीएससीत बंद क्रुसिबलमध्ये थोडासा माल हळूहळू तापवतात, तो कुठल्या तापमानाला उष्णता सोडायला लागतो आणि किती सोडतो ते दिसतं. सँपल देताना रचना लॅबला सांगत जा, गुपित वाटत असेल तर निदान कुठले ग्रुप आहेत एवढं तरी. कोरं लेबल लावून पांढऱ्या पिशवीत सँपल येतं तेव्हा समोरच्या माणसाला आपण अंधारात उभं करतो.

दुसरं क्लासिफिकेशनचं. क्यूब तापला म्हणजे तो हवेमुळेच तापला असं नाही. नायट्रोवाला रेणू हवा नसतानाही स्वतःच फुटून उष्णता सोडू शकतो, आणि ओव्हनमधल्या थर्मोकपलला या दोघांतला फरक कळत नाही. नियम असा आहे की सेल्फ रिअ‍ॅक्टिव्हचे गुण दाखवणारा माल ४.१ च्या (ज्वालाग्राही घन वगैरेंच्या वर्गातल्या) त्या गटातच जातो, एन.४ पॉझिटिव्ह असली तरी. म्हणून डीएससीत विघटनाची उष्णता ३०० ज्यूल प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर तो प्रश्न मिटतो. वर असेल तर एसएडीटी काढावं लागतं, म्हणजे ५० किलोच्या पॅकेजमध्ये आपोआप जोरात विघटन सुरू व्हायचं सगळ्यात कमी तापमान. ते ७५ डिग्रीच्या वर निघालं तर सेल्फ रिअ‍ॅक्टिव्ह नाही. आणि नायट्रो ग्रुप आहे म्हणजे स्फोटकाचा प्रश्नही आधी निकालात काढावा लागतो. त्याची चाळणी ५०० ज्यूलची आहे, विघटनाची उष्णता त्याच्या खाली आणि सुरुवात ५०० डिग्रीच्या खाली असेल तर स्फोटकांच्या मोठ्या टेस्ट कराव्या लागत नाहीत.

म्हणजे तुमचा क्रम असा हवा होता, आधी डीएससी, मग बाकीचं. आता उलटं झालंय तर झालंय, पण १२० च्या आधी डीएससी करून घ्याच.

डेकखाली

मी कार्गो बुकिंगच्या बाजूला काम करतो, लॅबमधलं मला फारसं कळत नाही, पण हे कागद माझ्या टेबलावर येतात तेव्हा काय होतं ते सांगतो.

"धोकादायक नाही" हे वाक्य आम्ही सगळ्यात जास्त संशयानं वाचतो. नायट्रो, पेरॉक्साइड, कोळसा, कार्बन, धातूची पावडर, फिशमील, असलं काही नावात दिसलं की रिपोर्ट मागतोच, आणि रिपोर्टवर सँपलचं वर्णन, ओलावा, कणांचा आकार, पॅकिंग यातलं काही नसेल तर तो कागद परत जातो. त्यामुळे ड्रायरवाले, तुमच्या फॉरवर्डरवर रागावू नका, त्यानं त्याचं काम चोख केलंय.

कंटेनरमध्ये १४० होत नाहीत म्हणता, पण ५५-६० छताजवळ सहज होतात, आणि तो कुठं उभा राहणार हे तुमच्या हातात नाही. २०१२ च्या जुलैत अटलांटिकमध्ये एमएससी फ्लॅमिनिया जहाजाला आग लागली, तीन खलाशी गेले. त्यात डायव्हिनाइलबेंझिनचे टँक होते, इनहिबिटर (आपोआप होणारी प्रक्रिया रोखणारं रसायन) घातलेला माल. पण ते टँक बंदरात उन्हात दिवसेंदिवस थांबले, मग जहाजाच्या पोटात गरम इंधनाच्या टाकीजवळ रचले गेले, आणि माल आपोआप पॉलिमराइज व्हायला लागला. हे प्रकरण सेल्फ हीटिंगपेक्षा वेगळं आहे, मला माहितीय, तिथं माल हवेतल्या ऑक्सिजनशी प्रक्रिया होऊन तापला नव्हता. पण "इतकं तापमान होतच नाही" असं कुणी म्हणालं की मला तेच आठवतं.

आता एक गोष्ट जिथं मी ओव्हनवाली ताईंशी थोडा असहमत आहे. २५ किलोच्या पिशवीला सूट मिळते हे नियमात बरोबर. पण त्या पिशव्या एकट्या कधी जातात? पॅलेटवर रचून, वर प्लास्टिक गुंडाळून, एकाला एक चिकटून शेकडो पिशव्या कंटेनरमध्ये जातात. उष्णतेला पिशवीची शिवण दिसते का? लोणारी कोळशाच्या बाबतीत नेमकं हेच झालं. वर्षानुवर्षं एन.४ निगेटिव्हच्या कागदावर कोळसा बिनधोक माल म्हणून जात राहिला आणि कंटेनर पेटत राहिले. शेवटी समुद्री वाहतुकीच्या आयएमडीजी कोडमधून ती सूटच काढली, ४२-२४ ची सुधारणा १ जानेवारी २०२६ पासून बंधनकारक झाली आणि आता कोळसा बोटीनं जाताना ४.२ च धरतात. वर भरायच्या आधी १४ दिवस हवेत ठेवून थंड करायचा, पॅक करताना ४० डिग्रीच्या वर नको, कंटेनरमध्ये वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा, अशा अटी आल्या. म्हणून माझं म्हणणं, सूट मिळाली तरी ती डोळे झाकून घेऊ नका.

ओव्हनवाली

डेकखाली, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि मी तो लिहायला हवा होता. पिशव्यांच्या मधून थोडी हवा खेळते, थोडी उष्णता निघते, म्हणून १०० पिशव्या म्हणजे एकसंध ५ घनमीटरचा ढीग नव्हे. पण गच्च गुंडाळलेलं पॅलेट त्याच्या बरंच जवळ जातं हेही खरं. लॅब पॅकेजपुरतं उत्तर देते. रचणाऱ्यानं रचण्याचा विचार करायचा.

कोळशाबद्दल एक भर. त्यात नुसता नियम कमी पडला असं नाही. टेस्टला गेलेलं सँपल आणि कंटेनरमध्ये गेलेला माल एकच होता का, हा मोठा प्रश्न होता. आठवडाभर हवेत पडलेला, निवलेला, वरच्या थरातला कोळसा लॅबला येतो आणि भट्टीतून काल निघालेला पोत्यात भरला जातो. ताज्या कोळशाचा पृष्ठभाग ऑक्सिजन झपाट्यानं ओढतो. आम्ही फक्त आलेल्या सँपलबद्दल बोलू शकतो, आणि ते वाक्य प्रत्येक रिपोर्टच्या तळाला छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही.

थिनरबाटली

मध्येच विचारतो, माफ करा, वेगळा धागा काढायला पाहिजे होता. आमचं एक लिक्विड क्लीनर आहे, पाण्यातलं, थोडं सॉल्व्हंट, पीएच १३, फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) बंद कपात ४१. कुणी म्हणतं क्लास ३ (ज्वालाग्राही द्रव), कुणी म्हणतं पीएच १३ आहे म्हणजे क्लास ८ (कातडी आणि धातू खाणारा माल) पक्का. कोण बरोबर?

ओव्हनवाली

दोघंही अर्धे. बंद कपात ६० डिग्रीपर्यंत फ्लॅश असलेलं लिक्विड क्लास ३ मध्ये येतं, तुमचं २३ ते ६० मध्ये आहे म्हणून पॅकिंग ग्रुप ३. पण फ्लॅश ३५ च्या वर असेल तर एल.२ नावाची टेस्ट करून घ्या, माल पेटल्यावर जळत राहतो की ज्योत काढली की विझतो ते त्यात बघतात. पाण्यातल्या मालात बऱ्याचदा वाफ एकदा भपकते आणि विझते, तसं झालं तर क्लास ३ लागत नाही.

पीएच १३ हा संशय घ्यायला पुरेसा आहे, पण वाहतुकीचा पॅकिंग ग्रुप पीएचवर ठरत नाही, कातडीचं पूर्ण जाडीपर्यंत नुकसान व्हायला किती वेळ माल लागून राहावा लागतो त्यावर ठरतो. ३ मिनिटांच्या आत तर ग्रुप १, तासाभरात ग्रुप २, चार तासांत ग्रुप ३. आता यासाठी जनावरांवर करायची गरज पडत नाही, कृत्रिम पडदा किंवा वाढवलेल्या मानवी त्वचेच्या थरावरच्या टेस्ट मान्य आहेत. त्यात कातडीला काही नाही झालं तरी धातूची टेस्ट बाकी राहते, स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ५५ डिग्रीला किमान आठवडाभर मालात ठेवायची, वर्षाला ६.२५ मिमीपेक्षा जास्त खाल्ली तर क्लास ८, ग्रुप ३. पीएच १३ म्हणजे अ‍ॅल्युमिनियम नक्की बघा, अल्कली त्याला फार लवकर खाते. आणि दोन्ही धोके निघाले तर, क्लास ३ ग्रुप ३ बरोबर क्लास ८ ग्रुप ३ असेल तर मुख्य धोका ३, पण क्लास ८ ग्रुप २ निघाला तर मुख्य धोका ८ होतो, दुसरा दुय्यम म्हणून लावायचा. बाकी वेगळ्या धाग्यात विचारा, तिथं लिहीन.

ड्रायरवाला

मंडळी, साडेतीन आठवड्यांनी परत आलोय, निकाल सांगायचे होते.

डीएससी आधी केली. विघटन २६० डिग्रीच्या पुढं सुरू होतंय आणि उष्णता २४० ज्यूल प्रति ग्रॅम, म्हणजे ३०० च्या खाली, सेल्फ रिअ‍ॅक्टिव्ह आणि स्फोटक दोन्ही प्रश्न मिटले. हे बघून खूप हायसं वाटलं, कारण ड्रायरवर आमचीच पोरं उभी असतात.

मग १२० डिग्रीला १०० मिमीचा क्यूब, सतराव्या तासाला १८० ओलांडलं. पॉझिटिव्ह. मग १०० डिग्रीला, तिथं जास्तीत जास्त १११ झाले आणि उतरला, निगेटिव्ह. म्हणजे ताईंनी सांगितल्याप्रमाणे जंबो बॅग ४.२, पॅकिंग ग्रुप ३, आणि २५ किलोच्या पिशवीला सूट. मी बरोबर वाचतोय ना?

साहेबांना क्यूबचा हिशोब दाखवला तेव्हा ते बराच वेळ त्या कागदाकडं बघत बसले आणि मग त्यांनीच एक जुनी गोष्ट सांगितली. पूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात असताना गोदामात एका पिशवीला जळका वास यायचा, सगळ्यांना वाटलं वायरिंग असेल, दोन दिवस वायरमन शोधत होता. शेवटी पिशवी फोडली तर मधला माल काळा पडून गोळा झाला होता आणि बाहेरचा हाताला कोमट लागत होता. ड्रायरमधून काढून गरमच भरलेला माल होता. त्यांनी तेव्हा याचा संबंध कधी जोडलाच नव्हता. आता "धोकादायक नाही" लिहा असं ते म्हणत नाहीत.

ओव्हनवाली

बरोबर वाचताय. जंबो बॅगेसाठी यूएन ३०८८ (धोकादायक मालाच्या यादीतला नंबर), स्वतः तापणारा सेंद्रिय घन पदार्थ, एन.ओ.एस. (म्हणजे यादीत वेगळं नाव नसलेला), वर्ग ४.२, ग्रुप ३, आणि नावापुढं कंसात तुमच्या मालाचं तांत्रिक नाव लिहायचं, नुसतं एन.ओ.एस. लिहून चालत नाही. बॅगही यूएन मार्क असलेलीच, साधी जंबो बॅग नको.

तुमच्या साहेबांनी सांगितलेली ती पिशवी मात्र डोक्यात ठेवा. तुमची सूट १०० डिग्रीच्या निकालावर उभी आहे आणि तो निकाल थंड माल धरून आहे, म्हणजे माल आत जाताना साध्या तापमानाचा असतो आणि ओव्हन त्याला हळूहळू तापवतो. ड्रायरमधून ८० ला काढलेली पावडर तशीच भरली आणि पॅलेटवर गुंडाळली तर तिला निवायला जागाच नाही. पावडर उष्णता फार वाईट वाहून नेते, पिशवीचा मधला भाग दिवसभर गरम राहतो. भरताना थर्मामीटर मध्यभागी खुपसून बघायचा, कडेला हात लावून नाही.

डेकखाली

जंबो बॅगेत पाठवणार की पिशव्यांत?

ड्रायरवाला

ग्राहकाशी बोललो, त्याला जंबो बॅगच पाहिजे, उतरवायला सोपी पडते म्हणून. तर आता ३०८८ म्हणून डिक्लेअर करतोय, यूएन मार्कच्या बॅगा मागवल्यात, एसडीएसचा १४ वा सेक्शन नवीन लिहायला दिलाय, त्यात ओली केक आणि सुकी पावडर असे दोन वेगळे एसडीएस होतील. पिशव्यांची पण छोटी ऑर्डर आहे एक, ती सुटीत जाते, पण डेकखाली यांनी सांगितलं ते पटलं म्हणून पॅलेटवर प्लास्टिक गच्च न गुंडाळता पट्ट्यांनी बांधायचं ठरवलंय आणि रांगांमध्ये थोडी फट ठेवायची.

ड्रायरनंतर कूलिंग स्क्रू आमच्याकडं नाहीये, तोपर्यंत माल ट्रेमध्ये पातळ पसरून रात्रभर ठेवतोय आणि ४० च्या खाली आल्याशिवाय भरत नाही. वेळ जातो, पोरं कुरकुर करतात. काल त्यांना सगळ्यांना बसवून ती गोळा झालेल्या पिशवीची गोष्ट साहेबांनी स्वतः सांगितली, आज सकाळी कुणी न सांगता थर्मामीटर खुपसत होते.

एक शेवटचं विचारतो ताई. पुढच्या महिन्यात दळण बारीक करायचं म्हणतोय ग्राहक, आत्ता ९० टक्के माल १५० मायक्रॉनच्या खाली आहे, त्याला ७५ पाहिजे. सगळं परत करावं लागेल का?

ओव्हनवाली

डीएससी तीच चालेल, रेणू बदललेला नाही. एन.१ परत करा, बारीक पावडरीत जळणं वेगळं सरकतं. एन.४ परत करा आणि सुरुवात २५ मिमी, १४० डिग्रीपासून करा, कारण बारीक दळणानं पृष्ठभाग वाढतो आणि तो छोटा क्यूबही पॉझिटिव्ह येऊ शकतो, तसं झालं तर ग्रुप २. सँपल पाठवताना तेही धोकादायक माल म्हणूनच पाठवा बरं का, वर्ग अजून ठरायचा आहे म्हणून साध्या कुरिअरनं टाकू नका. तुम्हाला जो वर्ग वाटतो तो तात्पुरता धरायचा, त्यातला सगळ्यात कडक शक्य पॅकिंग ग्रुप लावायचा, नावाबरोबर सँपल असा शब्द लिहायचा, आतबाहेर दुहेरी पॅकिंग आणि एका खोक्यात २.५ किलोच्या वर नाही. दळलेला माल मिलमधून निघाल्यावर मधल्या वेळेचा घ्या, पहिल्या पाच मिनिटांचा नको, तो नेहमी जाडसर येतो.